युद्ध त्यांचे, नोकरी आपली

ज्या वाड्यावरचे (गावातल्या वस्तीवरचे) कोणीच आखातात किंवा बोटीवर नाही, असा वाडा गोव्यात विरळाच. त्यामुळे तिकडे क्षेपणास्त्र सुटले की इकडे घरोघरी फोन लावणे सुरू होते. युद्धात चूक कोणाची यावर इतरत्र पुष्कळ बोलले जाते. येथे मात्र त्या दिवसांत तुम्ही काय रांधले, झोप लागली का आणि घरी फोनवर नेमके काय सांगितले, एवढेच लिहावे, ही विनंती. आलेली काही उत्तरे लिहिणाऱ्याच्या गावाच्या नावाखाली पुढे दिली आहेत.

फोंडा (कुवेत, १९९०)

२ ऑगस्टला गुरुवार होता. मी सालमियात राहत होतो आणि एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत होतो. सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे दिसले, तरी सवयीने मी दाढी करून कामावर जायला निघालो, याचे आज हसू येते. पुढचे काही आठवडे पावासाठी रांगेत उभे राहण्यात गेले. साठवलेले दिनार हातात होते, पण त्यांची किंमत दिवसागणिक घसरत होती, म्हणून मी दिसेल तेथे दुधाच्या पावडरीचे डबे घेत सुटलो. बसरा, बगदाद आणि जॉर्डनच्या सीमेवरचे वाळवंटातले तंबू असे करत अम्मानला पोहोचलो. तेथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आणि मुंबईहून रात्रीच्या बसने गोव्याला आलो. त्या विमानांनी एकूण लाखाहून अधिक माणसे आणली, असे पुढे वाचले. माझ्याजवळ उरलेला एक डबा पत्नीने चहासाठी फोडला आणि शेजारच्या काकूंनी ‘गल्फच्या दुधाची चवच वेगळी’ असे कौतुक केले. मी काही बोललो नाही. घराचा स्लॅब अर्धा राहिला होता. कुवेत मुक्त झाल्यावर त्याच व्यापाऱ्याचा निरोप आला आणि मी पुन्हा गेलो.

डिचोली (इस्रायल, २०२३)

तेल अवीवला लागून असलेल्या रामात गानमध्ये मी एका ८८ वर्षांच्या आजींची देखभाल करत होते. तिकडे आजीला ‘सावता’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला सावता माळी आठवले आणि ते नाव तोंडात लगेच बसले. ७ ऑक्टोबरला शनिवारी सकाळी भोंगा वाजला, तेव्हा गॅसवर पेज होती. आमच्या भागात भोंगा झाल्यावर दीड मिनिट मिळते. नव्या घरांत जाड भिंतींची, लोखंडी दाराची ‘ममाद’ नावाची खोली असते, पण आमची इमारत जुनी होती आणि तळघरातला आसरा तीन मजले खाली, म्हणून चाकांची खुर्ची ढकलून जिन्यात थांबायचे, एवढेच हाती होते. पहिल्या दिवशी मी गॅस तसाच ठेवून धावले आणि पेज करपली. त्यानंतर आधी गॅस, मग चष्मा, मग सावता, असा क्रम ठरून गेला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कुत्र्याला कडेवर घेऊन उतरत, आणि सावता १९९१ साली इराकची क्षेपणास्त्रे आली तेव्हा खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडाला विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे बांधून कसे बसलो होतो, ते रोज नव्याने सांगत.

भारत सरकारने ‘ऑपरेशन अजय’खाली विमाने पाठवली. मी गेले नाही. दलालाला दिलेल्या पैशांसाठी काढलेले कर्ज फिटायचे होते, हे एक कारण. दुसरे म्हणजे, मी गेले असते तर ती खुर्ची जिन्यापर्यंत ढकलणारे कोणी नव्हते. घरातल्या टीव्हीवर ओलिसांचे नातेवाईक रडताना दिसत आणि माझ्या मोबाईलवर गाझातल्या ढिगाऱ्यांतून काढलेली मुले. दोन्हींनी पोटात कालवत असे, पण सावतांपुढे एक बोलता येत नसे आणि घरच्यांपुढे दुसरे. महिनाअखेरीस पगार जमा झाला की बरे वाटायचे, आणि बरे वाटले म्हणून लाजही वाटायची.

वास्को (तांबडा समुद्र, २०२४)

मी मालवाहू बोटीवर फिटर आहे. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे आमची बोट सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी लांबला, तरी घरचे खूश होते. धोक्याच्या पट्ट्यातून जाणाऱ्यांना जादा भत्ता मिळतो. तो हुकला म्हणून जेवणाच्या टेबलावर दोघेतिघे हळहळले, आणि खोटे कशाला बोलू, त्यांत मीही होतो.

साखळी (मुलगा दोहात, २०२५)

मी कोठे गेले नाही, पण लिहिते. २३ जूनच्या रात्री टीव्हीवर कतारच्या आकाशात इराणच्या क्षेपणास्त्रांचे ठिपके दिसले आणि मी लगेच मुलाला फोन केला. तो उचलेपर्यंत मी देवासमोरच्या समईची वात तीनदा वर सारली. तो मासळी घ्यायला दुकानात गेला होता. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. ‘आई, काही नाही, लांब कोठेतरी आवाज झाला,’ तो म्हणाला. टीव्हीचा आवाज बंद करून मी म्हटले, ‘मी बातम्या पाहिल्याच नाहीत रे, सहज फोन केला. कोणती मासळी मिळाली?’