रो हाऊसचा ताबा घ्यायचाय, आधी काय काय तपासू? (लातूर)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. रिंग रोडच्या पलीकडं रो हाऊस घेतलंय, खाली हॉल किचन, वर दोन खोल्या. रंगाचा शेवटचा हात राहिलाय आणि बिल्डर म्हणायलाय दसऱ्याला वास्तुशांती करून टाका, चाव्या घेऊन जा. घरच्यांनी गुरुजींना सुपारीपण देऊन टाकली. पण परवा गेलो तर वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा दिसला आणि हॉलमध्ये बीमच्या खाली भिंतभर आडवी रेघ. गुत्तेदाराला विचारलं तर म्हणतो, "नवं घर हाय, अंग धरायलंय, पुट्टी मारली की दिसायचं नाही." अरे दिसायचं नाही हेच तर दुखणं आहे! वडील ९३ साली किल्लारीच्या भूकंपावेळी औशाला होते, त्यांना तडा म्हणलं की झोप लागत नाही. शेवटचे अडीच लाख द्यायचे राहिलेत. कुणी तपासून घेतलंय का? पैसे घेऊन तपासणारा माणूस लातुरात मिळतो का?

ओळंबा
बांधकाम खात्यातून रिटायर झालोय, म्हणून जरा लांबेल, सांभाळून घ्या. बीमखालची आडवी रेघ बहुतेक साधी असते, काँक्रीट आणि वीट दोन वेगळ्या जातीच्या वस्तू, उन्हात दोघांचं फुगणं आकसणं सारखं नसतं, तिथं गिलाव्याच्या आधी कोंबडी जाळी मारावी लागते ती ह्यांनी मारली नसणार. ती रेघ उकरून, जाळी बसवून परत गिलावा करून घ्या, नुसती पुट्टी चालणार नाही. तिरप्या तड्याचं मात्र आधी नीट बघा. खिडकीचा लिंटेल (वरची आडवी काँक्रीटची पट्टी) भिंतीत पुरेसा आत गेलेला नसला तरी तसा तडा जातो आणि पाया हलला तरी जातो. बाहेरून त्याच जागी तडा आहे का बघा. आरपार असला आणि एका टोकाला रुंद होत गेलेला असला तर मामला पायाचा असू शकतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी खूण करून तारीख लिहा, मधी काचेची बारीक पट्टी दोन्हीकडून सिमेंटनं चिकटवा. काच फुटली म्हणजे भिंत अजून हलायली.

आता मुद्द्याचं. तुमच्या तिकडं काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि चैत्र वैशाखात भेगाळते, त्या भेगेत अख्खा हात जातो हे आपण शेतात बघतोच की. पाया काळी ओलांडून खाली पक्क्या मुरमात गेला असेल तर घर बसत नाही, पण गुत्तेदारानं दोन फूट वाचवले असतील तर ते दसऱ्याला कळत नाही, एप्रिल मेमध्ये कळतं. म्हणून दसऱ्याला हिशोब पूर्ण करूच नका. घराला एक उन्हाळा लागू द्या, थोडी रक्कम तोपर्यंत मागं ठेवायचं लिहून घ्या. आणि घराच्या चारी बाजूनं अडीच तीन फुटाची फरसबंदी बाहेर ढाळ देऊन करून घ्या, भिंतीला लागून बागबिग नको.

अजून एक, गिलावा कुठल्या महिन्यात झाला ते विचारा. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन काम चालतं, मग क्युरिंगला, म्हणजे नव्या गिलाव्यावर पाणी मारायच्या कामाला, कात्री लागते. भिंतीवर चावीनं ओरखडा काढा, वाळू भुरभुर गळली तर पाणी नीट मारलेलं नसणार.

माणूस पाहिजे तर पॉलिटेक्निकच्या सिव्हिलवाल्या सरांना विचारा नाहीतर एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. बिल्डरनं सुचवलेला मात्र घेऊ नका.

गोदाकाठची
काकांनी भिंतींचं सांगितलं, मी मोरी बाथरूमचं सांगते कारण नांदेडला आम्ही तिथंच फसलो. बादलीभर पाणी कोपऱ्यात ओता आणि गंमत बघत उभे रहा, पाणी जाळीकडं जातं का दाराकडं. आमचं दाराकडं यायचं!! दोन वर्षं पायपुसणं पिळत बसले, शेवटी फरशी फोडली. वरच्या बाथरूमच्या जाळीत कापड कोंबून बोटभर पाणी दोन दिवस ठेवा आणि खालच्या स्लॅबला ओल येती का बघा. गच्चीवरपण तसंच. फरश्या रुपयाच्या नाण्यानं एकेक वाजवा, खणखणीत वाजली तर बरी, बद्द वाजली तर खाली माल नाही, त्यावर उद्या गॅसची टाकी आपटली की गेली. खडूनं फुली मारत जा. ओट्याखालच्या कोपऱ्यात बघायला विसरू नका, तिथं कुणी वाकून बघत नाही हे मिस्त्रीला माहीत असतं.

साडेसाती
आमच्या वास्तुशांतीला साठ माणसं जेवली आणि दुपारी तीनला चेंबर तुंबलं, पुढचं सांगत नाही 😂 पाइपात सिमेंटचा चिखल आणि एक अख्खी गुटख्याच्या पुड्यांची माळ निघाली. वरून खालून सगळे फ्लश एकदम सोडा, चेंबरचं झाकण उघडून पाणी येतं का बघा, मगच आमंत्रणं वाटा.

करंट_परभणी
लाईटचं कुणीच बोललं नाही म्हणून. बोर्डातला बटन लागला म्हणजे फिटिंग झालं असं नसतंय भाऊ. समोरून बघताना प्लगच्या उजव्या भोकात फेज पाहिजे, उलटं असलं तर बटन बंद करूनबी वस्तूत करंट राहतो. अर्थिंगची वायर प्लगपर्यंत खरंच आली का ते ओळखीच्या वायरमनकडून चेक करा, मी अशी घरं बघितलीत जिथं न्यूट्रलच अर्थिंगला जोडून दिलेला, गिझरवाल्या बाथरूममध्ये हे म्हणजे जीवाशी खेळ. आरसीसीबीचं (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) टेस्ट बटन दाबा, खटकन पडला पाहिजे. पडलाच नाही किंवा बसवलाच नाही तर तिथंच थांबा.

सातबारा
@मांजराकाठ, रेरा (बिल्डरवर लक्ष ठेवणारा घरबांधणीचा कायदा) नंबर आहे का प्रोजेक्टला? असेल तर ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, हे कायद्यात लिहिलंय, कलम १४. पण जागा ५०० चौरस मीटरच्या आत किंवा घरं आठच्या आत असली तर रेरात नोंदणीची सक्ती नसते, आणि आपल्याकडची चार सहा रो हाऊस त्यातच बसतात. मग करारनाम्यात काय लिहिलंय त्यावर सगळं. भोगवटा प्रमाणपत्राची (घर वापरायला परवानगी असल्याचा सरकारी दाखला) कॉपी हातात घेतल्याशिवाय ताबा पावतीवर सही करू नका, आणि सही करताना दोषांची यादी त्याच पावतीला जोडा. तोंडी "करून देतो की" ला काडीची किंमत नाही.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार, काल जाऊन आलो. सहाच घरं आहेत, म्हणजे रेरा नाही, सातबारा साहेबांचं बरोबर निघालं. २३ फरश्या बद्द वाजल्या, त्यातल्या नऊ ओट्याखाली (ताई तुम्ही डोळे उघडलेत). वरच्या बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं होतं, आज सकाळी पोर्चच्या स्लॅबला ताटाएवढी ओल आली. वायरमननं आरसीसीबी शोधला, बसवलेलाच नाही. तिरपा तडा बाहेरून दिसत नाही, तरी काच चिकटवली. गुत्तेदार आधी चिडला, "मास्तर, तुम्ही तर मुलगी बघायला आल्यासारखं बघायलेत" म्हणला, मग वडलांनी त्याच्यासमोरच यादी वहीत लिहायला घेतली तेव्हा गप झाला. अडीचातला एक लाख जूनपर्यंत ठेवायला बिल्डर तयार नाही, पन्नास हजारावर आलाय, बुधवारी परत बसायचंय. दसऱ्याला पूजा तेवढी करणार, सामान नंतर.

ओळंबा
पन्नासवर मान्य करू नका. पोर्चची ओल आधी बघा, वरची फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्यानं करून घ्या, खालून रंग लावू देऊ नका. आणि काच रोज बघत जा.