सिंगापूर पडलं म्हणून पेढे?

कडू_कारलं : शिलेदार यांनी काल लिहिलंय, '15 फेब्रुवारी 1942, सिंगापूर पडलं, आशियाच्या मुक्तीचा दिवस. पेढे वाटा.' दोन ओळींत उत्तर देणार होते, राहवलं नाही. ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल पांढरं निशाण घेऊन बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्याकडे जपान्यांना शरण जायला चाललाय, तो फोटो पाहून मलाही वाईट वाटत नाही. पण पुढच्याच दिवसांत जपान्यांनी तिथल्या चिनी पुरुषांना तपासणीला गोळा केलं, बुरखेधारी खबऱ्यांनी बोट दाखवलं की ट्रकात भरून समुद्रकाठी नेऊन गोळ्या. जपानी आकडा 5,000च्या आसपास, तिथले चिनी 25,000 ते 50,000 सांगतात. उरलेल्यांकडून 5 कोटी डॉलर 'भेट' म्हणून उकळले. शहराचं नाव शोनान, घड्याळं टोकियोच्या वेळेवर. ही मुक्ती?

शिलेदार : ताई, चिन्यांचं दुःख मान्य. आपलं बोला. 17 फेब्रुवारीला सिंगापुरातल्या फॅरर पार्क मैदानावर 40,000च्या वर हिंदी शिपाई गोऱ्यांनी जपान्यांच्या हवाली केले. ते झालं नसतं तर कॅप्टन मोहनसिंग आझाद हिंद सेना कुठून उभारणार होते? 1943 ला तिथल्याच पाडांग मैदानावर नेताजी 'चलो दिल्ली' कोणाला म्हणणार होते? आणि साहेबाची अक्कल बघा, तोफा सगळ्या समुद्राकडे तोंड करून!

तोफखाना_निवृत्त : आली ती थाप! सिंगापूरच्या पूर्व टोकाला चांगीच्या 15 इंची तोफा जमिनीकडे वळवल्या, डागल्याही. गोळे होते जहाजाचं चिलखत फोडायचे, ते चिखलात रुतायचे. पायदळावर वापरायचे गोळे जवळपास नव्हतेच.

शिलेदार : म्हणजे उपयोग शून्यच ना? मी काय वेगळं म्हटलं?

तोफखाना_निवृत्त : वेगळं हे की तुम्ही तोफ फक्त गणपतीच्या देखाव्यात पाहिलीय.

शिलेदार : वैयक्तिक होऊ नका, काका.

तोफखाना_निवृत्त : काका तुमच्या घरी! 26 वर्षं तोफांत काढलीत. दुसऱ्या ठिकाणच्या दोन मात्र जोहोरकडे, म्हणजे उत्तरेच्या मलायाकडे, वळत नव्हत्या, तेवढं तुमचं बरोबर.

सिंगापूरची_सून : तोफा झाल्या असतील तर एक सांगते. शेजारच्या चिनी आजींना एकादशीची साबुदाण्याची खिचडी नेली. कशाची म्हणून विचारलं. टॅपिओका म्हणाले, तर वाटी तशीच परत. 'जपान्यांच्या राज्यात साडेतीन वर्षं तेच खाल्लं, पुरे.' नंतर महिनाभर लिफ्टमध्ये मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

उपासकरी : साबुदाणा उपासाला चालतो हेच मुळात चुकीचं आहे. परदेशी कंद!

कडू_कारलं : कृपया!!

खानदेशी_नातू : शिलेदार, माझे आजोबा होते फॅरर पार्कवर. नव्या सेनेत गेले नाहीत. कारण देशप्रेम नव्हे नि साहेबप्रेम नव्हे. 'मीठ खाल्लंय' एवढंच म्हणायचे. जपान्यांनी न्यू गिनीला हमालीला नेलं. परतले तेव्हा आजीने दार उघडून विचारलं, कोण पाहिजे? त्यांच्या सख्ख्या चुलतभावाने मात्र सेनेत नाव घातलं होतं. दोघे शेवटपर्यंत एका पंगतीला बसले नाहीत. आता पेढा कोणाच्या हातावर ठेवायचा ते सांगा.

शिलेदार : ...बरं. पेढे मागे. पण साहेबासाठी रडणार नाही.

कडू_कारलं : कोणी सांगितलंय रडायला? धाग्याचं शीर्षक तेवढं बदला.

शिलेदार : संपादनाची मुदत संपली. नशीब तुमचं.

तोफखाना_निवृत्त : चांगीच्या तोफांवर वेगळा धागा काढू का? नकाशे आहेत.

कडू_कारलं : नको.