टपावर लांब सामान: दोन पट्टे पुरेत की पुढे-मागे दोरी हवीच?

खटपट्या:
कॅरिअरच्या दोन आडव्या दांड्यांना शिडी आवळली की झालं, असं मानणारे बरेच आहेत. माझं मत उलटं. जे सामान काचेच्या पुढे बॉनेटवर डोकावतं, त्याला पुढून दोरी हवीच. बॉनेटवरून वर चढणारा वारा ते टोक खालून उचलतो, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० ला निमूट पडलेल्या सामानावर ८० ला चौपट रेटा येतो.

सरळरेषा:
असहमत. शिडी म्हणजे निम्मी पोकळीच, वारा आरपार जातो. चांगल्या बकलचे दोन पट्टे दांडीखालून घेतले की शिडी हलत नाही. उलट पुढची दोरी सुटून चाकात गेली तर? आणि बांधायची कुठे, प्लास्टिकच्या बंपरला?

खटपट्या:
टो हुक, म्हणजे गाडी ओढायचा हुक, कशासाठी असतो मग? तो नसेल तर बॉनेटखाली फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टला पट्ट्याची कडी अडकवा, बॉनेट लावलं की कडी बाहेर राहते. चाकापर्यंत पोचेल एवढं शेपूट ठेवायचंच कशाला? शिवाय दोरी डोळ्यासमोर असते. ती ढिली दिसली की सामान सरकल्याचं चालवतानाच कळतं.

पक्कड:
दोघेही पुढच्या टोकावरच अडलात. ब्रेक दाबल्यावर सामान पुढे धावतं, त्याचं काय? पीव्हीसी पाइपांची मोळी घ्या. पट्टा कितीही आवळा, तो बाहेरच्या पाइपांना धरतो. मधले दोन-तीन मोकळेच असतात आणि करकचून ब्रेक लागला की बाणासारखे सुटतात. म्हणून दोन्ही टोकांना जाड कापडाची पिशवी चढवून घट्ट बांधायची, पट्ट्याचा मोळीला एक पूर्ण वेढा द्यायचा आणि मगच तो दांडीला न्यायचा. पुढे धावणं रोखते ती मागची दोरी. बंजीचे (रबरी ताणाच्या दोरीचे) हुक मात्र घरीच ठेवा, ताणणारी वस्तू धरून काय ठेवणार!

सरळरेषा:
पाइपांसाठी मागची दोरी मान्य. पण सरसकट नियम नको. दोरी हवीच म्हटलं की लोक रॅचेट (दांडा मागेपुढे करून पट्टा आवळायची कळ) घेऊन पिळत बसतात आणि अॅल्युमिनियमची शिडी वाकवून ठेवतात.

मागची_सीट:
वजनाचं कुणीच बोलत नाही. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते, बऱ्याच गाड्यांना ५० ते ७५ किलो, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं.
प्लायचा अख्खा तक्ता तर टपावर नेऊच नये. आठ बाय चारचा तक्ता जवळपास ३ चौरस मीटर. ८० च्या वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो. आडव्या तक्त्याला तो सगळा लागत नाही, पण पुढची कड उचलली गेली की संपलं. खिडकीतून हात काढून तक्ता धरणारे वीर नेमकं काय धरतात, देव जाणे.

खटपट्या:
आणि कॅरिअरच टपावरून सुटलं तर? तुमचे दोन्ही पट्टे त्याच्यासकट जातील. पुढची-मागची दोरी थेट गाडीला असते.

सरळरेषा:
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी कॅरिअरचे चारही पाय निघण्याआधी हाताने हलवून बघा, थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळा. हे करणाऱ्याला शहरातल्या वेगात आखूड शिडीसाठी दोरी लागत नाही, यावर मी ठाम आहे.