क्लोज करताना आलेली एरर: लॉग करून सोडायची की वर जाऊ द्यायची?

बाणेर_बॅकएंड (धागाकर्ता)

कोड रिव्ह्यूत एक नियम बिनविरोध पास होतो: फायनलीमधून (काहीही झालं तरी शेवटी चालणारा आवरासावरीचा कोड) एक्सेप्शन (कोडने वर फेकलेली एरर) बाहेर पडता कामा नये, क्लोज (फाइल किंवा कनेक्शन बंद करणं) फसलं तर कॅच करा (एरर तिथेच अडवा), लॉग करा, पुढे चला. वाचायच्या फाइलसाठी हे चालेल. लिहायच्या फाइलसाठी हा नियम साफ चुकीचा आहे, आणि आपण तो दोन्हीकडे सरसकट लावतो.

बफर्ड रायटरला दिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो. शेवटचा तुकडा खाली ढकलला जातो तो क्लोजमध्ये. डिस्क भरलेली असेल तर 'जागा नाही' ही एरर नेमकी तिथे येते, आधीचे सगळे राइट बिनबोभाट झालेले असतात. ती गिळली की फंक्शन 'झालं' म्हणून परततं आणि फाइलची शेपटी गायब. एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टम) किंवा डिस्क कोटा (प्रत्येकाला ठरवून दिलेली जागा) असेल तर हे हमखास दिसू शकतं. लिनक्सच्या क्लोजच्या मॅन्युअल पानावर तसा स्पष्ट इशाराच आहे.

मगरपट्टा_सीप्लसप्लस

विरोध. नियम उगाच आलेला नाही. सी++ मध्ये एका एक्सेप्शनमुळे स्टॅक उलगडत असताना (एकेका फंक्शनमधून बाहेर पडताना) एखाद्या डिस्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड) दुसरं बाहेर पडलं की थेट टर्मिनेट, प्रोग्रामच संपतो. सी++११ पासून डिस्ट्रक्टर मुळातच नोएक्सेप्ट (एक्सेप्शन न फेकणारे) धरले जातात, म्हणजे एरवीही तिथून फेकलंत तरी तेच.

जावात प्रोग्राम मरत नाही, पण वाईट वेगळ्या प्रकारे होतं. ट्रायमध्ये (मुख्य कामाच्या भागात) डेटाबेसच्या डेडलॉकची (दोन कामं एकमेकांसाठी अडकून बसणं) एरर आली, फायनलीत क्लोजनेही एक्सेप्शन फेकलं, की पहिलं पुसलं जातं. रात्री ऑनकॉलवर असलेल्याला लॉगमध्ये फक्त 'कनेक्शन आधीच बंद' दिसतं आणि तो नेटवर्कवाल्यांच्या मागे लागतो. त्यापेक्षा क्लीनअपने गप्प बसलेलं बरं.

बाणेर_बॅकएंड

हेच दुखणं काढायला २०११ साली जावा ७ मध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस (उघडलेलं आपोआप बंद करणारी रचना) आलं. मुख्य भागातली एरर मुख्यच राहते, क्लोजची तिला 'सप्रेस्ड' म्हणून चिकटते. एकटं क्लोजच फसलं तर तीच एरर वर जाते. गप्प बसायची गरजच उरत नाही. पायथनमध्ये तर जुनी एरर नव्या एररच्या मागे साखळीत आपोआप राहते, ट्रेसबॅकमध्ये दोन्ही छापल्या जातात.

एक खड्डा मात्र आहे. जीझिप (दाबून छोट्या केलेल्या फाइलीच्या) स्ट्रीमच्या कंसातच फाइल स्ट्रीम बनवून सगळं एका ओळीत उरकू नका. जीझिपचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) फाइलचं हेडर वाचतो. फाइल जीझिपची नसेल तर तिथेच एक्सेप्शन, आणि आतली फाइल कुठल्याच व्हेरिएबलमध्ये नसल्यामुळे उघडी राहते. दोन स्ट्रीम, दोन व्हेरिएबल. बंद होताना ते उलट्या क्रमाने आपोआप होतात.

कोथरूडचा_गोफर

गो भाषेत सगळे डोळे मिटून डिफर (ओळ नंतरसाठी राखून ठेवणं) लावून क्लोज करतात. एरर हवेत. लिहायची फाइल असेल तर डिफर ठेवाच, पण शेवटी यशाच्या वाटेवर क्लोज स्वतः बोलवा आणि एरर तपासा. दुसऱ्यांदा क्लोज झालं तर 'आधीच बंद आहे' एवढीच एरर मिळते, नुकसान नाही.

आणि लूपमध्ये डिफर नको! ते फेरी संपताना चालत नाही, फंक्शन संपताना चालतं. गो १.१९ पासून रनटाइम उघड्या फाइलींची सॉफ्ट लिमिट (सध्या लागू मर्यादा) स्वतःच हार्ड लिमिटपर्यंत (कमाल मर्यादा) नेतं, त्यामुळे पूर्वी १०२४ च्या आसपास फुटणारा हा बग आता टेस्टिंगमध्ये दिसतच नाही, तो थेट प्रॉडक्शनला जाऊन फुटतो.

नवा_भिडू_हिंजवडी

क्लोज फसलं तर तीनदा रिट्राय केलं तर?

मगरपट्टा_सीप्लसप्लस

अजिबात नको. लिनक्सवर सिग्नलमुळे क्लोज अर्धवट परतलं तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) सुटलेला असतो. तोच नंबर तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडला मिळाला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल. हा बग शोधायला बसाल तर पुढचा गणपती येईल.

भोसरी_शॉपफ्लोअर

तुम्ही दोघं क्लोजवर भांडताय, पण क्लोज यशस्वी झालं म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं कुठे आहे? तो कर्नलच्या कॅशमध्ये असू शकतो. इथल्या वर्कशॉपमधल्या बिलिंग पीसीची वीज गेली की कुठलं फायनली चालणार? किल मायनस नाइनलाही (प्रोग्राम जबरदस्तीने मारणं) नाही. ट्रायमध्ये कोणी सिस्टम.एक्झिट लिहिलं असेल तर जावा फायनलीकडे वळूनही पाहत नाही. पायथनला सिगटर्म ('बंद हो' असा सिग्नल) आला आणि तुम्ही हँडलर लावला नसेल तर तिथेही तेच. कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) बंद करताना डीफॉल्टने ३० सेकंद वाट पाहतं आणि मग सरळ मारतं.

म्हणून फाइल अशी लिहा: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल, तिच्यात मजकूर, फ्लश (बफर खाली ढकलणं), एफसिंक (कर्नलच्या कॅशमधून डिस्कवर लिहायला लावणं), क्लोज, मग रिनेम, मग फोल्डरचं एफसिंक. त्याच फोल्डरमध्ये अशासाठी की वेगळ्या फाइलसिस्टमवर रिनेम होत नाही. अर्धवट राहिलेल्या तात्पुरत्या फाइली प्रोग्राम सुरू होताना झाडून काढा. कँडिया आणि फॉक्स यांनी २००३ मध्येच 'क्रॅश-ओन्ली'ची कल्पना मांडली होती: बंद होण्याचा वेगळा सभ्य मार्ग ठेवूच नका, सावरणं सुरुवातीलाच करा. क्लीनअपचा कोड जितका कमी तितका बरा.

मगरपट्टा_सीप्लसप्लस

वीज जाण्यापुरतं मान्य. पण महिनाभर न थांबणाऱ्या सर्व्हरचं काय? हिकारी पूलमध्ये (जावातला डेटाबेस कनेक्शनचा सामायिक साठा) डीफॉल्टने १० कनेक्शन. एरर आल्यावरच्या वाटेवर एक परत करायचं राहिलं, असं दहादा झालं, की अकराव्या रिक्वेस्टपासून प्रत्येकजण ३० सेकंद ताटकळून टाइमआउट खातो. गुरुवारी पाणी बंद असताना उघडा राहिलेला नळ: शुक्रवारी पाणी येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. हिकारीत लीक डिटेक्शन (परत न आलेलं कनेक्शन शोधणं) डीफॉल्टने बंद असतं. ते चालू करा, लॉगमध्ये कनेक्शन कुठे घेतलं त्या जागेचा स्टॅक ट्रेस मिळतो.

एरंडवणे_क्यूए

वाद चालू द्या, टेस्ट कोण लिहितंय? लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाचं डिव्हाइस आहे, त्यावर लिहिलं की कायम 'जागा नाही'. पायथनमधून ते लिहायला उघडा, एक अक्षर लिहा: राइट यशस्वी, एरर २८ क्लोजला. धागाकर्त्याचा मुद्दा तीन ओळींत सिद्ध होतो.

टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा सांभाळणाऱ्या सिस्टममधले १९८ बिघाड तपासले. त्यातल्या सर्वनाशी बिघाडांपैकी ९२ टक्के, सॉफ्टवेअरने स्वतः सांगितलेली, प्राणघातक नसलेली एरर नीट न हाताळल्यामुळे झाले होते. म्हणजे एरर दिसली होती, तिचं पुढे काय करायचं ते चुकलं. लॉग करून सोडणारे कॅच ब्लॉक त्यातच मोडतात.

कोथरूडचा_गोफर

याच रांगेतलं अजून एक: फायनलीत रिटर्न. जावा आणि पायथन दोन्हीकडे ते उडणारं एक्सेप्शन मुकाट गिळतं. पायथन ३.१४ आता त्यावर वॉर्निंग देतं, जावात कंपायलरच्या लिंटचा (संशयास्पद कोडवर इशारा देणारी तपासणी) फायनली पर्याय चालू करावा लागतो. आणि लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घ्यायची ओळ ट्रायच्या बाहेर, आधी. आत ठेवली आणि लॉक मिळालंच नाही तर फायनली न घेतलेलं लॉक सोडायला जाणार.

मगरपट्टा_सीप्लसप्लस

मग नियम असा लिहा: डिस्ट्रक्टर गप्पच राहील, पण लिहिणाऱ्या प्रत्येक क्लासला वेगळं क्लोज असेल, ते एरर देईल आणि यशाच्या वाटेवर ते बोलावलंच पाहिजे. एवढं असेल तर माझी हरकत नाही. रोलबॅकची (डेटाबेसमधले बदल मागे घेणं) एरर मात्र मी लॉग करूनच सोडणार. कनेक्शन तुटलं तर डेटाबेस ट्रान्झॅक्शन स्वतःच मागे घेतो. ते कनेक्शन पूलमध्ये परत न घालता फेकून द्यायचं, बस.

भोसरी_शॉपफ्लोअर

रोलबॅकला चालेल. कमिटला (बदल कायम करणं) नाही. कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेटवर्क गेलं तर बिल नोंदलं गेलं की नाही हे क्लायंटला कळायचा मार्गच नाही. तिथे लॉग करून पुढे जाणंही चूक आणि आंधळा रिट्रायही चूक, एकाच बिलाची दोन होतील. प्रत्येक बिलाला क्लायंटनेच आधी आयडी द्यायचा, त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारा नियम), आणि एरर आली की नव्या कनेक्शनवर तोच आयडी घेऊन पुन्हा इन्सर्ट. डुप्लिकेटची एरर आली तर पहिलं कमिट झालेलं होतं असं समजायचं.