व्यापार करार फक्त मोठ्या कंपन्यांच्याच कामाचे असतात का?

धागाकर्ता:
व्यापार करार म्हटलं की लोक फक्त आयात स्वस्त होणार एवढंच बोलतात, मला खरा मुद्दा खात्रीचा वाटतो. आज ड्युटी ५ टक्के आणि उद्या अचानक २५ झाली तर निर्यात करणारा नवीन मशीन घेईल कशाला आणि माणसं तरी कशी भरेल? १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून आयातशुल्क वाढवलं, बाकीच्यांनीही उलट वाढवलं, आणि मंदीत आधीच आटलेला व्यापार अजून आटला. तो धडा डोक्यात होता म्हणूनच १९४७ ला २३ देशांनी गॅट हा आयातशुल्क कमी करण्याचा करार केला ना. मोठी कंपनी दुसऱ्या देशात कारखाना टाकून मोकळी होते, छोट्याला लेखी नियमाशिवाय कोण विचारतो?

प्रतिसाद १:
खात्रीच म्हणताय तर चीनचं घ्या. २००१ ला चीन डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) आला. त्याआधीही अमेरिकेत चिनी मालाला कमी दरच होता, फक्त तो दरवर्षी रिन्यू करावा लागायचा. ती टांगती तलवार गेली आणि कंपन्यांनी बिनधास्त कारखाने हलवले. म्हणजे तुमची ती खात्रीच कामगाराच्या मुळावर आली. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलंय की जिथल्या उद्योगांची चिनी आयातीशी टक्कर होती तिथे बेकारी वाढली, पगारही घसरले. स्वस्त मालाचा फायदा सगळ्यांना थोडा थोडा, तोटा मात्र त्याच त्या गावांना.

प्रतिसाद २:
मधेच एक. करारातला सवलतीचा दर आपोआप लागत नाही बरं का, माल कुठे बनला याचं प्रमाणपत्र लागतं, सुटे भाग कुठून आले त्याचा हिशेब द्यावा लागतो. छोटे बरेच जण त्या कटकटीपायी पूर्ण ड्युटी भरून मोकळे होतात.

धागाकर्ता:
चीनचा मुद्दा मान्य, खात्रीची ही बाजू मी धरलीच नव्हती. पण त्यावर उपायही करारातच लिहिता येतो. अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यांच्यातल्या नाफ्टा कराराच्या जागी २०२० ला यूएसएमसीए हा नवा करार आला, त्यात गाडीला शुल्कमाफी हवी तर तिचा ४० ते ४५ टक्के भाग तासाला सरासरी किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यायला हवा अशी अट आहे. शिवाय मेक्सिकोतल्या एखाद्या कारखान्यात युनियन दडपली तर थेट त्याच कारखान्यावर तक्रार होते, सवलत जाऊ शकते. करार नसता तर हे कुठल्या हक्काने मागितलं असतं?

प्रतिसाद १:
कलम चांगलंय, नाही म्हणत नाही. पण ते १६ डॉलर महागाईशी जोडलेलेच नाहीत, दरवर्षी त्यांची किंमत कमीच होणार. आणि ज्याची नोकरी आधीच गेली त्याचं काय? आयातीमुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना अमेरिकेत १९६२ पासून होती, २०२२ ला मुदत संपली आणि नवीन अर्ज मंजूर होणं थांबलं. शुल्कसवलत चालू राहिली, मदत बंद झाली. दोन्ही एकाच कागदावर, एकाच मुदतीने बांधा, मग मी पण तुमच्या बाजूने.