कागद पोचेपर्यंत राज्य गेलं होतं

कंपनी सरकारच्या काळात लंडनहून पत्र यायला महिना-दीड महिना लागायचा, मग हिंदुस्थानातले निर्णय खरे घ्यायचं कोण, असा प्रश्न पडतो. आमच्या नागपूरचंच बघा ना. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने जानेवारीत कलकत्त्यात बसून लांबलचक टिपण लिहिलं, अन् मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा. लंडनशी पूर्ण खल व्हायला वेळ होताच कुठे? झालेल्या गोष्टीला मंजुरी, एवढंच कागदाचं काम उरलं.

पुढे वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल भावाने गेले. मी उमरेडकडचा शेतकरी. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, डोळे पुसत दावं दुसऱ्याच्या हाती देणारी माणसं मी बाजारात पाहिली आहेत. त्यामुळे हे वाचताना पोटात तुटतं. दाद मागायची तर समुद्रापार, आणि इकडे दावणी रिकाम्या!

विलायतेशी जोडणारी तार आली १८६५ ला, मुंबईपर्यंतची समुद्राखालची केबल १८७० ला. त्यानंतर मात्र कलकत्त्याच्या सरकारला ‘आधी करू, मग कळवू’ म्हणणं जड गेलं. वऱ्हाडातल्या कापसाचे लिव्हरपूलचे भावही मग तारेनेच येऊ लागले.