मदत हवी आहे: दिल्ली पासिंगची २०१६ ची क्रेटा घ्यावी का? पाण्यात बुडालेली असल्याची शंका

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरात लष्कर भागात, जिवाजीगंजात राहतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला आमच्या ऑल्टोत वाकून शिरणं जमत नाही. मित्राच्या क्रेटात मात्र ती खुर्चीत बसावं तशी सहज बसली. तेव्हापासून मी जुनी क्रेटाच शोधतो आहे.

आता एक समोर आली आहे. १.६ डिझेल, मॅन्युअल, सप्टेंबर २०१६ चं रजिस्ट्रेशन, आरसीवर एकच मालक, ७१ हजार किलोमीटर, मागणी सव्वापाच लाख. दिल्लीतल्या दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरच्या नियमापायी तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, हे इथे सगळ्यांनाच माहीत आहे. आपल्याकडे आरसी पंधरा वर्षं, म्हणजे २०३१ पर्यंत चालेल, त्यामुळे वयाची मला काळजी नाही.

काळजी पाण्याची आहे. रविवारी बघायला गेलो तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ काळा, पण गुंडाळीतून सगळ्यात शेवटी निघालेल्या हातभर पट्ट्यावर मातकट डाग. बोट फिरवलं तर पिठासारखी बारीक माती लागली. स्टेपनी काढून बघितली, तर खालच्या खळग्यात ताजा काळा रंग मारलेला. आत अत्तराचा वास इतका, की काचा खाली कराव्या लागल्या. दलाल म्हणाला, "ड्रायक्लीनिंग करवाई है भाईसाहब, इसलिए."

मग विम्याचा कागद मागितला. सप्टेंबर २०२५ च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २५ टक्के आहे. एकाच मालकाकडे क्लेमशिवाय राहिलेल्या गाडीला एव्हाना ५० टक्के मिळायला हवा होता. २५ म्हणजे सलग दोनच वर्षं क्लेम नाही. शेवटचा क्लेम सप्टेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ मधला निघतो, आणि जुलै २०२३ मध्येच यमुना २०८.६६ मीटरवर जाऊन दिल्लीत पाणी शिरलं होतं. दलाल सांगतो, क्लेम बंपरचा होता. तसं असूही शकतं, पण मन मानत नाही. मालकाकडून क्लेमचे कागद मागवा म्हटलं, तर टाळाटाळ चालली आहे.

ज्यांच्याकडे ही १.६ डिझेल आहे त्यांनी कृपया सांगा, हिच्यात पाण्याची खूण आणखी कुठे राहते? सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर, कार्पेटखालचा फोम, फ्यूज बॉक्स, एवढं मला सुचलं आहे. पट्ट्यावरची माती नुसत्या धुळीची असू शकते का? सत्तर हजारांनंतर क्लच आणि सस्पेन्शनवर तुमचा किती खर्च झाला? शिवपुरीकडे महिन्यातून दोनदा जाणं होतं, बाकी सगळं इथल्या गजबजलेल्या महाराज बाड्याच्या आसपास, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. क्लचवर जोर येणारच.

दिल्लीची एनओसी आणून इथे एमपी ०७ नंबर घेतलेलं कुणी असेल, तर रोड टॅक्स किती भरला आणि किती दिवस लागले तेही लिहा. एनओसीचा फॉर्म २८ आणि मालकी बदलाचे २९, ३० यांवर मूळ मालकाची सही लागते, आणि दलाल मालकाशी बोलूच देत नाही.

टोकनचे ११ हजार शनिवारपर्यंत मागतो आहे. अजून दिलेले नाहीत. ग्वाल्हेरात कुणाचा भरवशाचा मेकॅनिक असेल, जो गाडी लिफ्टवर चढवून कार्पेट उचलून बघेल, तर त्याआधी कळवा. त्याची फी मी देईन.